तुमचा नंबर कितवा होता? सेमिनरीतल्या सोबत्यांच्या भेटी आणि आठवणी

गेल्या डिसेंबरात वसईत आमच्या बॅचची भेट झाली. जेवणं उरकून केळीच्या वाडीत खुर्च्या टाकून बसलो होतो. एकाची बायको म्हणाली, "आमच्याकडे एक जुना टॉवेल आहे. कोपऱ्यात लाल दोऱ्याने ४७ घातलंय. ह्यांना विचारलं की नुसते हसतात." पलीकडून एक फादर, वय पासष्ट, दोनदा अँजिओप्लास्टी झालेले, ताडकन उठले. "सत्तेचाळीस! म्हणजे माझे मोजे पळवणारा तूच!"

ज्यांनी सेमिनरी, म्हणजे फादर व्हायचं शिक्षण देणारी निवासी संस्था, आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सगळ्यांचे कपडे धुवायला एकत्र जात, म्हणून आत जायच्या आधी घरी आई-बहिणी एकेका कपड्यावर नंबर शिवत. बनियन, उशीचा अभ्रा, मोजेसुद्धा. माझा ३८. माझ्या आईने तो इतका घट्ट शिवला होता की शर्ट विरला, पण आकडा तसाच राहिला.

जे फादर झाले, जे अर्ध्यावर बाहेर पडले, ज्यांना काढलं, आणि त्यांच्या घरची माणसं, सगळ्यांनी लिहा. तक्रार असेल तर तीही लिहा, फक्त कुणाचं नाव घेऊ नका. सुरुवात मी करतो, बाकीच्यांनी लिहिलेलं त्याखाली आहे.

गोरेगाव, १९७७ ला आत, १९८३ ला बाहेर

आरे रोडवरच्या सेंट पायस कॉलेजात दहावीनंतर गेलो. आम्ही आत गेलो एकतीस आणि गुरुदीक्षा झाली, म्हणजे फादर झाले, नऊ जण. पंचवीस वर्षं झाली तेव्हा नऊ जणांनी रौप्यमहोत्सव केला आणि पत्रिका नऊ घरांना गेल्या. त्यात दुष्टावा नव्हता, यादीच तशी होती. आम्ही उरलेले बावीस जण कुठल्याच यादीत नव्हतो.

मग मला पहिल्या आठवड्यात काढलेला ग्रुप फोटो सापडला. मागे पेन्सिलीने नावं होती. तीच यादी धरून शोधायला लागलो. फोन डिरेक्टरीतून काही, पॅरिशच्या, म्हणजे त्या त्या भागातल्या चर्चच्या, लग्ननोंदींतून काही, एक जण तर कुवेतला क्रेन चालवताना सापडला. सात जण गेले होते, त्यातल्या चौघांची खबर आम्हाला तेव्हाच कळली. आता दर वर्षी चर्चमधल्या मिस्सेत सातही नावं वाचतो, फादर आधी आणि बाकीचे नंतर असं न करता फोटोत उभे होते त्या क्रमाने.

खरं सांगायचं तर आमच्या भेटी जास्त करून मयतालाच होतात. जुलै २०२४ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले, तेव्हा वेगवेगळ्या बॅचचे आम्ही पाच जण पावसात एका छत्रीखाली सापडलो आणि तिथेच पुढच्या जेवणाची तारीख ठरली.

पुणे, पेपल सेमिनरी, १९८४ ते १९९१

तुमचं बरं, तुम्ही सगळे विरार ते चर्चगेट. आमच्या वर्गात केरळ, तामिळनाडू, झारखंड, मिझोराम आणि मी एकटा मराठी. ही सेमिनरी मुळात पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडीला काढली, १९५५ मध्ये ती पुण्याला आली. भारताचे पुत्रच भारताच्या तारणाचे सेवक होतील, असं त्यांचं लॅटिन वचन आम्हाला पाठ असायचं. त्यातल्या चौदा पुत्रांना मी मराठी शिकवली. म्हणजे भाजीवाल्याशी घासाघीस कशी करायची आणि रिक्षावाल्याला "मीटरने चला" कसं म्हणायचं, एवढीच.

सगळे एकत्र भेटलो एकदाच, २०१६ ला. नगर रोड ओळखूच येईना. आम्ही सायकलवर फिरायचो त्या शेतांत काचेचे मनोरे, आणि आता रामवाडीला मेट्रोही येते. कोट्टायमचा एक जण गेली वीस वर्षं जर्मनीत पॅरिश सांभाळतो. मला बघून त्याने पहिलं वाक्य उच्चारलं, "मीटरने चला." दुसरं त्याला येत नव्हतं. मिठी मारून तेच तीनदा म्हणाला.

आमच्यातला एक बिशप झालाय. व्हॉट्सॲपवर त्याचं टोपणनाव अजून 'ढेकूण' आहे. का, ते विचारू नका. ग्रुपवर तोच सगळ्यात लवकर उत्तर देतो.

नगर जिल्हा

आम्ही वेगळी भेट ठरवत नाही. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मारिया मातेची, यात्रा भरते, तिथे आपोआप भेटतो. रांगेत, रसवंतीवर, खेळण्यांच्या दुकानापाशी. आमच्यातला एक फादर कन्फेशनला, म्हणजे लोकांची पापकबुली ऐकायला, बसलेला असतो, त्याच्या रांगेत मुद्दाम उभं राहायचं आणि नंबर आला की "काय रे, जेवलास का" म्हणायचं. तो चिडतो. मागच्या वर्षी बसला नव्हता, गुडघ्याचं ऑपरेशन होतं. चुकल्यासारखं झालं.

नाव नको, गाव नको

मला काढलं. कारण कधी सांगितलं नाही. शुक्रवारी दुपारी बोलावून "संध्याकाळच्या गाडीने घरी जा" एवढंच. सगळे स्टडी हॉलमध्ये होते, निरोप घ्यायची परवानगी नव्हती. मागच्या दाराने पत्र्याची ट्रंक घेऊन निघालो, पॅसेजमध्ये ती भिंतीला घासली तर आवाज होईल म्हणून दोन्ही हातांनी उचलून धरली होती. वय अठरा.

घरी आईने आठ दिवस मला चर्चला नेलं नाही. गावात बाळंतिणीसारखा खोलीत बसून होतो.

तेहतीस वर्षांनी भेटीचं आमंत्रण आलं तेव्हा पोस्टकार्डाचे तुकडे केले, मग बायकोने ते जोडून तारीख वाचली. गेलो. एक जण मला बघून म्हणाला, "त्या रात्री जेवताना तुझं ताट मांडलेलं होतं. वाढप्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही सगळे त्या ताटाकडे बघत जेवलो, बोलायची सोय नव्हती." मला वाटत होतं कुणाला पत्ताच लागला नसेल.

त्या ताटात काय होतं ते विचारलं. दुधी, म्हणाला. मग फार काही गमावलं नाही.

(मी, ३८ नंबर : वाचून उठून एक चक्कर मारून आलो. आमच्याकडेही असे तीन पलंग सकाळी रिकामे दिसले होते. आम्ही कधीच काही विचारलं नाही. ते तिघे अजून भेटीला आलेले नाहीत.)

गोवा

राशोलची सेमिनरी, अडीच वर्षं. तिथे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्सचं मराठी काव्य ख्रिस्तपुराण छापलं गेलं, हे आम्हाला अभिमानाने सांगत, पण मी ते वाचलं मुंबईत नोकरी लागल्यावर. तिथून मी आणलं ते फक्त व्हायोलिन. आम्ही सहा जण दर ख्रिसमसच्या आधी मडगावात जमतो, वाजवतो, बेसूर झालं की जुन्या संगीतशिक्षकांची नक्कल करून एकमेकांना पट्टी मारतो. एवढंच.

ठाणे

मला १९८५ मध्ये गुरुदीक्षा मिळाली आणि १९९२ मध्ये मी बाहेर पडलो. फादरपणाच्या बंधनांतून रोमहून मोकळीक मिळायला सात वर्षं गेली. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात चाळिशीच्या आतल्याला ती सहसा देत नसत. मिळाल्यावर चर्चमध्ये लग्न केलं. त्यानंतर कधी कुणाचं कन्फेशन ऐकायचा प्रश्नच नव्हता.

माझा एक वर्गमित्र, जो गुरुदीक्षेच्या आधीच बाहेर पडला होता, कॅन्सरने घरीच होता. एका रात्री त्याच्या बायकोचा फोन आला. पॅरिशचे फादर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. मी चालत दहा मिनिटांवर राहतो.

तो म्हणाला, "तू ऐक."

"मला आता अधिकार नाही रे."

"नऊशे शहात्तर," तो म्हणाला. चर्चच्या कायद्यातलं कलम. मरणाच्या दारातल्या माणसाला कुठलाही धर्मगुरू पापक्षमा देऊ शकतो, त्याचा अधिकार काढून घेतलेला असला तरी. १९८३ ला नवा कायदा आला तेव्हा आम्ही दोघे एका बाकावर होतो, आणि हे कलम परीक्षेत मीच त्याला दाखवलं होतं.

दार लावून घेतलं. एकोणतीस वर्षांनी ते शब्द तोंडात आले, आधी इंग्रजीत, मग त्याने खूण केली तेव्हा मराठीत. काय ऐकलं ते सांगता येत नाही. बाहेर आलो तेव्हा त्याच्या बायकोने चहा ठेवला होता. कप बशीवर इतका वाजायला लागला की खाली ठेवला. फादर अर्ध्या तासाने पोचले आणि त्यांनी त्याला पवित्र तेल लावून अभ्यंगाचा विधी केला. मी काय केलं हे त्यांना सांगितलं. ते "बरं केलंत फादर" म्हणाले. शेवटचा शब्द चुकून आला असेल.

एका मुलीकडून

मी सेमिनरीत नव्हते, माझे पप्पा होते. पाच वर्षं. त्याबद्दल ते घरात फारसं बोलत नसत, पण जेवणाआधी लॅटिनमध्ये "बेनेदिक, दोमिने, नोस" म्हणत आणि अर्ध्यावर विसरत. रात्री दिवे गेले की कुजबुजत बोलत. तिथे रात्रीच्या प्रार्थनेनंतर मौन असे, ती सवय राहिली असावी, असं आई म्हणते.

पप्पा गेले तेव्हा त्यांचे सात वर्गमित्र आले. चार झग्यात, तीन शर्ट-पँटमध्ये. शवपेटी चर्चमध्ये आणताना दारातच थांबली. फादरांची पेटी डोकं वेदीकडे करून ठेवतात, आयुष्यभर लोकांकडे तोंड करून उभे राहिले तसे. प्रापंचिकाचे पाय वेदीकडे. झग्यातला एक म्हातारा म्हणाला, "ह्याला आमच्यासारखा ठेवा." आमचे फादर गोंधळले. तेव्हा शर्टातला एक जण पुढे झाला. "नको. हा पाच वर्षं शेवटच्या बाकावरून वेदीकडेच बघत होता. तसाच राहू दे." मग सातही जणांनी मिळून पेटी आत आणली, पाय पुढे.

दफनभूमीत त्यांनी "इन पॅरादिसुम" हे निरोपाचं लॅटिन गीत म्हटलं. एकालाही पूर्ण येत नव्हतं, जिथे एक अडला तिथे दुसरा उचलत होता.

त्या सगळ्यांचे फोन नंबर घ्यायचे राहिले. आवराआवरीत आता एक अभ्रा सापडलाय, आणि त्याच्यावरही लाल दोरा आहे. पप्पांचा नंबर १२ होता. पलंग नंबराप्रमाणे लावत असतील तर ११ आणि १३ कुठे असतात, कुणाला माहीत आहे का?