'ब्रेनस्टॉर्मिंग' म्हणायचं नाही, पण 'फेफरं आलं' चालतं?

मुळामुठा:
आमच्या ऑफिसात लंडनच्या क्लायंटकडून एक यादी आलीये, मीटिंगमध्ये कुठले शब्द वापरायचे नाहीत त्याची. त्यात 'ब्रेनस्टॉर्मिंग' पण आहे. कारण काय, तर अपस्मार, म्हणजे फीट येण्याचा आजार, असलेल्यांना ते लागू शकतं, म्हणून यापुढे 'थॉट शॉवर' म्हणायचं. विचारांची आंघोळ! सगळे हसले, मीही हसलो, पण घरी येऊन शोधत बसलो तर गोष्ट मजेदार निघाली.

'ब्रेन स्टॉर्म' हा शब्द एकोणिसाव्या शतकात आला तो खरंच डोकं फिरल्याच्या झटक्यासाठी. गाजला १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात. हॅरी थॉ नावाच्या कोट्यधीशाने आदल्या वर्षी मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या गच्चीवर, शो चालू असताना, आर्किटेक्ट स्टॅनफोर्ड व्हाइटला गोळ्या घातल्या होत्या आणि बचावाच्या डॉक्टरने साक्ष दिली की त्या क्षणी आरोपीला 'ब्रेन स्टॉर्म' आलं होतं. दुसऱ्या खटल्यात वेडाच्या मुद्द्यावर तो शिक्षेतून वाचला. म्हणजे शब्दाचा बदलौकिक आहे, पण तो खुनी श्रीमंताचा आहे, फीट येणाऱ्या माणसाचा नाही.

माझं मत, हा शब्द काढणं म्हणजे बिनकामाचा शिष्टाचार. कारण यादी वाचून होते न होते तोच आमच्यातलाच एक जण म्हणाला, "एस्टिमेट बघून क्लायंटला फेफरं येईल." कोणाला काही खटकलं नाही. "मिरगी आली का रे तुला" हे तर आपण चिडवायला सर्रास वापरतो. ते यादीत नाही, कारण यादी करणाऱ्याला मराठी येत नाही. काढायचं तर हे काढा.

उगाच_कशाला:
अहो मग तुम्ही पण तेच करताय ना, त्यांनी त्यांचा शब्द काढला तुम्ही आपला काढताय. 'फेफरं आलं' म्हणताना कोणाच्याही डोक्यात पेशंट नसतो हो. आजार काढायचेच तर सगळे काढा: पोटशूळ उठला, पित्त खवळलं, काविळीला जग पिवळं दिसतं, धोरणलकवा, डोक्याला ताप. उरलं काय मराठीत? पेपरवाले तर दुसऱ्या दिवशी संपावर जातील.

चिंचगुळ:
पित्त खवळलं म्हणून कोणाचं लग्न मोडत नाही.

उगाच_कशाला:
लग्नाचा इथे काय संबंध?

चिंचगुळ:
संबंध असा की १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाचे वारंवार झटके आणि अपस्मार एकाच ओळीत बसवले, वधू किंवा वराला हे असेल तर लग्नाची अटच मोडते म्हणून. त्यातला अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्ये निघाला. म्हणजे तेवीस वर्षं कायदाच सांगत होता की फीट आणि वेड शेजारी शेजारी. कायद्यातून गेलं, पण बैठकीत मुलगी बघायला येतात तेव्हा अजून गोळ्या कपाटात लपवतात. माझ्या भाचीला आठवीत वर्गात फीट आली, तेव्हा नाकाशी चप्पल धरली कोणीतरी, ते एक सोडा. पण पुढे वर्षभर पोरं डोळे फिरवून हात थरथरवून तिची नक्कल करायची आणि तोंडात हाच शब्द, मिरगी. त्यांनी तो शाळेत नाही शिकला, घरी ऐकला. तुमच्या डोक्यात पेशंट नसतो हे मान्य, ऐकणाऱ्याच्या शेजारी असू शकतो.

शब्दकिडा:
एक माहिती. मीटिंगवालं 'ब्रेनस्टॉर्मिंग' त्या कोर्टातल्या वादळातून आलेलं नाहीच म्हणायला हरकत नाही. ते ॲलेक्स ऑसबॉर्नचं, अमेरिकेतल्या बीबीडीओ या जाहिरात कंपनीतला 'ओ' म्हणजे हाच. १९४८ च्या पुस्तकात त्याने लिहिलंय की मेंदू वापरून प्रश्नावर धाड घालायची, कमांडो घालतात तशी. त्याचं 'स्टॉर्म' किल्ला सर करण्यातलं, हवामानातलं नाही. आणि खरी गंमत म्हणजे १९५८ मध्ये येल विद्यापीठात तपासून बघितलं तर एकेकट्याने विचार करून मग आयडिया एकत्र केल्या की गटात बसून काढलेल्यांपेक्षा जास्त निघाल्या. तेव्हा शब्द ठेवा, मीटिंग बंद करा!

बाकी आजाराचं नाव शिवीसारखं वापरणं आपल्याकडे फार जुनं आहे. नटराजाच्या पायाखाली जो बुटका असतो ना, त्याचं नाव अपस्मार. अज्ञानाचं प्रतीक म्हणून. जिनिव्हाच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत भारत सरकारने २००४ मध्ये भेट दिलेली मूर्ती आहे, तिथेही तो पायाखालीच आहे. आता त्याचं पण नाव बदलायचं का?

मुळामुठा:
नटराजाला कोणी हात लावत नाहीये राव. पण मूर्तीत ते अज्ञान आहे हे तुम्हाला वाचून कळलं. वर्गात कोण समजावतो?

न्यूरोवाली:
मी याच क्षेत्रात आहे म्हणून बोलते, आणि माझं मत बहुतेक दोन्ही बाजूंना आवडणार नाही. मी पेशंटच्या आईवडिलांना 'वादळ' हाच शब्द वापरून सांगते. १८७३ मध्ये ह्यूलिंग्ज जॅक्सन या ब्रिटिश डॉक्टरने फीट म्हणजे मेंदूच्या करड्या भागातून अचानक, जास्त प्रमाणात, वेगाने होणारा डिस्चार्ज असं मांडलं आणि गाभा अजून तोच आहे. पेशींचे मोठे गट एकाच वेळी, एका ठेक्यात पेटतात. हे वादळ म्हणून सांगितलं की आजीला पटतं की हे बाहेरचं नाही, कोणी करणी केलेली नाही. त्यामुळे उपमा म्हटली की वाईटच, असं मी मानत नाही.

ब्रिटनमध्येच २००५ च्या सुमारास अपस्मारावर काम करणाऱ्या एका संस्थेने अपस्मार असलेल्यांनाच विचारलं होतं, तर ९३ टक्के म्हणाले 'ब्रेनस्टॉर्मिंग'चं आम्हाला काही वाटत नाही. तरी २००८ मध्ये टनब्रिज वेल्सच्या कौन्सिलने 'थॉट शॉवर' आणलंच. ज्यांच्यासाठी करताय त्यांना विचारायचं राहूनच जातं.

पण चिंचगुळ, एका बाबतीत मी तुमच्या विरोधात. शब्द दाबला की लपवालपवी वाढते. "तिला चक्कर येते हो" म्हणत लोक वर्षानुवर्षं बुवाकडे फिरतात. योग्य औषध मिळालं तर जवळपास ७० टक्के लोकांच्या फीट थांबू शकतात, आणि आपल्याकडे तर कितीतरी जणांना कारण टेपवर्म या जंताचं असतं, त्याची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठी होतात, म्हणजे भाजी नीट धुणं आणि संडास बांधणं हासुद्धा उपाय आहे. 'फीट' मोठ्याने म्हणा.

चिंचगुळ:
आजार असलेल्याने फीट म्हणावं यालाच तर माझा पाठिंबा आहे. दुसऱ्याने विनोदात म्हणायचं का, हा प्रश्न होता. डॉक्टरांनी वादळ म्हणणं आणि वर्गातल्या पोरांनी मिरगी म्हणणं, तुम्ही एका तागडीत टाकलंत.

उगाच_कशाला:
बरं. माणसाकडे बोट दाखवून "मिरगी आली का" मी म्हणणार नाही, तो घाणेरडेपणाच आहे. पण सिलिंडरचं बिल बघून मला फेफरं येणारच, त्यात कोणाची नक्कल नाही. फरक आहे.

चिंचगुळ:
तो फरक तुम्ही करता. आठवीतली पोरं करत नाहीत.

उगाच_कशाला:
मग पोरांना शिकवा, भाषेला कशाला शिक्षा?

मुळामुठा:
मी क्लायंटला मेल टाकतोय की यादी तुमची तुम्हाला ठेवा, पण सोबत ऑफिसात कोणाला फीट आली तर काय करायचं याचं एक पान लावा. आमच्या मजल्यावर एकालाही माहीत नाही, मी विचारून बघितलं. दोघांनी कांदा सांगितला.

न्यूरोवाली:
पान करताय तर हे टाका: कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूच्या खुर्च्या बाजूला. घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर ॲम्ब्युलन्स. हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. चावी, कांदा, चप्पल यातलं काहीही लागत नाही.