डिस्चार्जनंतरच्या थेरपीचा क्लेम
ताई, वडिलांच्या स्मरणशक्तीच्या थेरपीचा क्लेम ‘ही ओपीडी आहे’, म्हणजे दाखल न होता घेतलेले उपचार, म्हणून नाकारला, हे वाचून फार वाईट वाटलं. माझा धाकटा भाऊ लातूरच्या मोंढ्यात आडतीवर मुनीम. गाडीवरून पडला, डोक्याला मार लागला. महिन्याभरात चालायला-बोलायला लागला, सगळे म्हणाले बरा झाला. पण शेतकऱ्याची हिशेबपट्टी करायला बसला की हमाली, तोलाई वजा करता करता आकडाच हरवायचा. हा आजार नाही तर काय?

पॉलिसीतलं ‘पोस्ट हॉस्पिटलायझेशन’, म्हणजे डिस्चार्जनंतरच्या खर्चाचं कलम आधी वाचा. आरोग्य संजीवनी या प्रमाणित आरोग्य पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवसांचा खर्च मिळतो. काही पॉलिसींत जास्त. थेरपीला महिनोन् महिने लागतात, म्हणून हे दिवस वाया घालवू नका. न्यूरोसर्जनकडून लिहून घ्या की ही थेरपी त्याच दुखापतीसाठी आहे, आठवड्याला किती वेळा हवी आहे. भावाच्या थेरपीच्या कागदावर नुसतं ‘फिजिओ’ होतं, तिथंच आमचा क्लेम अडला.

कंपनीकडे लेखी तक्रार करा. नकार आला किंवा महिनाभर उत्तरच नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. फी नाही, वकील लागत नाही. मात्र नकारानंतर वर्षाच्या आत. नकाराचं पत्र जपून ठेवा.