उटणं, डाळीचं पीठ की फेसवॉश? नववीतल्या लेकीची सुरुवात कशाने करावी

निशिगंध (लातूर)
लेकीने परवा माझ्यासमोर यादी ठेवली: फेसवॉश, टोनर, व्हिटॅमिन सीचं सीरम, रात्रीचं वेगळं क्रीम. नाकावर चार पुटकुळ्या आहेत, बाकी चेहरा नितळ. मी यादी बाजूला ठेवली आणि म्हटलं, आधी महिनाभर आजीच्या पद्धतीने करून बघ. सकाळी नुसतं पाणी. संध्याकाळी चमचाभर डाळीचं पीठ दुधात कालवून हलक्या बोटांनी फिरवायचं आणि धुऊन टाकायचं. थंडीत अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल, चेहऱ्यालाही. बस.

यामागे माझं एक कारण आहे. आमच्याकडे बोअरचं पाणी, भयंकर क्षाराचं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून जो पांढरट चिकट थर बादलीच्या कडेला बसतो, तोच अंगावरही बसतो. चेहरा ओढल्यासारखा होतो, खाज सुटते. डाळीच्या पिठाचं तसं होत नाही. चौदा वर्षांच्या कातडीवर बाटल्यांचा मारा करायला माझा ठाम विरोध आहे. तुमचं मत वेगळं असेल तर तेही स्पष्ट लिहा.

रसायनवाला (ठाणे)
ताई, पाण्याचा मुद्दा अगदी बरोबर आहे. पण तो साबणाच्या वडीविरुद्ध जातो, फेसवॉशविरुद्ध नाही. मी अकरा वर्षं साबण आणि डिटर्जंटच्या कारखान्यात काम केलंय. वडीचा सामू, म्हणजे पीएच, ९ ते १० असतो. आपल्या त्वचेचा ५ च्या आसपास. या फरकाने वरचा संरक्षक थर सैल पडतो आणि त्वचा कोरडी होते. सौम्य फेसवॉशमध्ये साबण नसतोच, त्यामुळे क्षाराच्या पाण्यातही तो थर धरत नाही आणि त्याचा सामू ५.५ पर्यंत आणता येतो. हे पिठाने कसं जमणार? तुमच्या पिठाचे कण किती बारीक, हे गिरणीवाल्यावर अवलंबून.

आणि पुटकुळ्या असलेल्या चेहऱ्याला खोबरेल अजिबात नको. हाता-पायांना खुशाल लावा.

वाळा (रत्नागिरी)
मला हे पटत नाही. आमच्या घरी नवरात्र संपलं की काष्ठौषधींच्या दुकानातून सामान यायचं: आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कापूरकाचरी, गुलाबाच्या पाकळ्या, संत्र्याची वाळलेली साल. कुटून दोनदा वस्त्रगाळ केलेलं उटणं. गिरणीच्या भरड पिठाशी त्याची तुलनाच नको. आधी तेल, मग उटणं. म्हणजे तेल कातडीचं रक्षण करतं आणि उटणं जास्तीचं तेल ओढून घेतं. यात क्रम आहे, विचार आहे.

ज्याला 'शास्त्रीय' म्हणतात त्या बाजारानेच मुलींना गोरेपणाच्या नावाखाली स्टेरॉइडची मलमं लावायला शिकवलं. चेहऱ्याची कातडी पातळ झाली, लाल झाली, लव वाढली. २०१८ मध्ये सरकारला अशी १४ मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आणावी लागली. नागरमोथ्याने कुणाचं असं झालेलं मी पाहिलं नाही.

पर्णिका (पुणे)
नागरमोथ्याने नसेल, माझं लिंबाने झालं. अकरावीत हळद, डाळीचं पीठ आणि लिंबू लावलं, घाईत नीट धुतलं नाही आणि भर दुपारी सायकलवरून क्लासला गेले. दोन दिवसांनी गालावर लाल पट्टा, मग तपकिरी डाग. फिका व्हायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत मी एका लग्नाला गेले नाही की फोटो काढला नाही. लिंबाच्या सालीत आणि रसात असे पदार्थ असतात की ऊन पडलं की कातडी भाजते. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं.

वाळाकाकू, बऱ्याच उटण्यांत बावची असते. तिच्यातही त्याच जातीचा पदार्थ असतो. पांढऱ्या डागांवर ती याच गुणासाठी वापरतात. आणि बिब्बा तर झाडाचाच ना? तो उतला की अंगावर फोड येतात, हे कोकणात सांगायला नको. झाडाचं म्हणून सौम्य, हे मी आता कुणाकडूनही ऐकून घेणार नाही.

वाळा (रत्नागिरी)
पर्णिका, वाचून वाईट वाटलं गं. पण लिंबू आमच्या उटण्यात कधीच नव्हतं. आम्ही दूध किंवा साय घ्यायचो. लिंबाचं खूळ नंतरचं. बावचीचं मात्र मान्य करते. यंदा सामान आणताना ती वगळायला सांगेन.

शुश्रूषा (नाशिक)
त्वचारोग विभागात परिचारिका आहे, म्हणून लिहिते. दोन्ही बाजूंनी कुणीच उन्हापासून बचावाबद्दल बोललं नाही! लातूरची मुलगी, रोजची शाळा. स्वयंपाकघरातली कुठलीही वस्तू उन्हापासून वाचवत नाही. एसपीएफ ३० चं साधं, बिनवासाचं सनस्क्रीन आणि डोक्याला ओढणी किंवा टोपी, हे आधी. बाकी भांडण नंतर.

सुटी हळद चेहऱ्याला नको. रंग खुलावा म्हणून तिच्यात मेटॅनिल यलो किंवा शिशाचा क्रोमेट असे घातक रंग मिसळल्याची प्रकरणं झाली आहेत.

नवीन काहीही, उटणं असो वा फेसवॉश, आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस. खाज नाही, पुरळ नाही, मगच चेहरा.

आणि विषय निघालाच आहे तर: तान्ह्या बाळाची लव जावी म्हणून पिठाचा गोळा फिरवणं कृपा करून थांबवा. ती लव आपोआप जाते. सोललेल्या कातडीची बाळं आमच्याकडे येतात, बघवत नाही.

निशिगंध (लातूर)
खोबरेल चेहऱ्यावरून आजपासून बंद. सनस्क्रीनचं माझ्या डोक्यातच नव्हतं, उद्या आणते. पीठ मात्र सोडत नाही. मैद्याच्या चाळणीने नाही, ओढणीच्या कापडातून गाळून घेईन. सीरमला नकार कायम.

रसायनवाला (ठाणे)
सीरमवर मी तुमच्याच बाजूने आहे. पिठावर नाही. सनस्क्रीन रोज लावणार, तर संध्याकाळी ते उतरवणार कशाने? पिठाने ते पूर्ण निघत नाही आणि उरलेलं चोळून काढावं लागतं. तेवढ्यासाठी तरी बिनसाबणाचा एक फेसवॉश घ्या. पंधरा दिवस एका पद्धतीने, पंधरा दिवस दुसऱ्या, आणि चेहरा ओढतोय का हे लेकीलाच सांगू द्या.

निशिगंध (लातूर)
हे तिला वाचून दाखवलं. वहीत दोन रकाने आखून बसली आहे.