डोंगरभटकंतीसाठी छोटा मिररलेस आणि दोन लेन्स: काय घेऊ?

पायवाट
नमस्कार मंडळी. पाठीवर तंबू-सामान घेऊन अनेक दिवसांची डोंगरयात्रा ठरली आहे आणि या वेळी निसर्गचित्रण मनापासून करायचं आहे. आतापर्यंत फोनवर भागवलं, पण पहाटेच्या कमी उजेडात सावलीतला तपशील पार पुसला जातो, त्याचा फार त्रास होतो.

अट एकच. बॉडी, दोन लेन्स आणि जादा बॅटऱ्या मिळून एक किलोच्या आत. ट्रायपॉड वेगळा धरा. सेकंडहँड चालेल, फुलफ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या (प्रकाश टिपणारा भाग) कॅमेऱ्याइतका खर्च नाही करायचा. प्रिंट काढली तर मोठ्यात मोठी ए३. छोट्या सेन्सरचा मायक्रो फोर थर्ड्स की त्याहून थोड्या मोठ्या सेन्सरचा एपीएस-सी? आणि रुंद लेन्स किती रुंद हवी?

सह्यकडा
फुलफ्रेमच घ्या. सोनी ए७सी २ बॅटरी आणि कार्ड धरून ५१४ ग्रॅम आहे, म्हणजे वजनाचा मुद्दाच निकालात निघतो. फुलफ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३. क्षेत्रफळ जवळजवळ चौपट. पहाटेच्या उजेडाची तक्रार तुम्हीच केलीय ना? मी एकदाच पैसे घातले आणि विषय संपवला.

रानजाई
अहो, पण त्यांनी फुलफ्रेम नको असं लिहिलंय. शिवाय नुसत्या बॉडीचं वजन सांगून काय उपयोग? त्यांना दोन लेन्स हव्यात. त्याच माउंटची (लेन्स बसवायची खाच) ७०-२०० मिमी एफ/४ टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, एकटीच ८०० ग्रॅमच्या आसपास जाते. मग रुंद लेन्स कुठे बसवायची?

सह्यकडा
निसर्गचित्रणाला टेली लागतेच कशाला? १६-३५ एफ/४ पॉवरझूम घ्या, ३५३ ग्रॅम. झालं.

दुर्बीण
टेली लागतेच कशाला? मला तर टेलीशिवाय डोंगरात जाववत नाही. एकामागे एक रांगा, मधल्या दरीत साचलेलं धुकं, एका सुळक्यावर पडलेलं ऊन हे सगळं १०० मिमीच्या पुढे मिळतं. अतिरुंद लेन्सने समोरचा दगड प्रचंड होतो आणि ज्या शिखरासाठी इतकं चढून गेलात ते चित्रात बोटभर उरतं. अतिरुंद लेन्सला पायाशी काहीतरी दमदार हवं: झरा, फुलं, भेगाळलेला कातळ. नसेल तर अर्धं चित्र रिकामं. मात्र लांबच्या लेन्सने हवेतला धूसरपणाही जवळ येतो, त्यामुळे पाऊस पडून गेल्यावर किंवा सकाळी लवकर काढा.

चंदेरी_फुजी
फुजी एक्स-टी३० २. बॅटरी-कार्डासह ३७८ ग्रॅम, त्यावर १८-५५ एफ/२.८-४ लेन्स ३१० ग्रॅमची. शटरची डायल हाताने फिरवायची मजा आणि फुजीचे रंग! मी आता जेपेग जसाच्या तसा वापरतो, संगणकावर बसायची गरजच उरली नाही.

रानजाई
रंग छान आहेत, मान्य. पण सावलीतला तपशील हवा असेल तर रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढाच. उजळ आकाश वाचेल असं एक्स्पोजर ठेवायचं आणि सावल्या नंतर उचलायच्या. जेपेगमध्ये ती मोकळीक फार कमी.

चंदेरी_फुजी
रॉ कोण नको म्हणतंय? दोन्ही साठवता येतात. चांगला जेपेग हाताशी असताना तासन् तास स्लायडर ओढण्यात मला रस नाही, एवढंच.

लाटकिनारा
सोनी ए६४०० अधिक १०-२० एफ/४. ४०३ आणि १७८ ग्रॅम, म्हणजे ६०० च्या आत. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) नाही हे मात्र खटकतं. झाडाखाली, ओढ्याकाठी ट्रायपॉड उघडावाच लागतो.

ट्रायपॉडवरून आठवलं. मी घेतलेल्या हलक्या ट्रायपॉडचा पाय पहिल्याच मोठ्या भटकंतीत आवळेनासा झाला. कंपनीचं उत्तर आलं, "वाळू गेली असेल." डोंगरात वाळू-माती जाणारच ना! तेव्हापासून पायांचे सांधे उघडून साफ करता येतात का, हे आधी पाहते.

दगडफूल
ट्रायपॉड वेगळा धरलाय त्यांनी, पण विषय निघालाच आहे तर: मधला दांडा वर करू नका, वाऱ्यात तोच आधी थरथरतो. खाली पिशवी लटकवलीत तर ती जमिनीला टेकलेली असू द्या, झोके घेत राहिली तर उलट नुकसान. शटरला दोन सेकंदांचा टायमर लावा.

मेघमल्हारी
पाणी-धूळ रोखणाऱ्या सीलिंगबद्दल अजून कुणीच कसं बोललं नाही? डोंगरात पाऊस विचारून येत नाही. ओएम-५ बघा: ४१४ ग्रॅम, आयपी५३ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा). सोबत १२-४५ एफ/४, २५४ ग्रॅम. दोन्ही मिळून ६६८. आणि लक्षात ठेवा, बॉडी सीलबंद आणि लेन्स साधी असेल तर पाणी माउंटमधून शिरू शकतं. लाइव्ह एनडी (उजेड कमी करणाऱ्या गडद फिल्टरसारखा परिणाम कॅमेऱ्यातच) पण आहे त्यात, एनडी१६ पर्यंत, म्हणजे चार स्टॉप, उजेड चार वेळा निम्मा. धबधब्याचं पाणी फिल्टर न लावता मऊ करता येतं.

सह्यकडा
एवढे पैसे घालून सेन्सर तोच छोटा. त्यापेक्षा फुलफ्रेम.

दुर्बीण
ए३ प्रिंटचा हिशोब मांडू. ए३ ची लांब बाजू ४२० मिमी, म्हणजे साधारण साडेसोळा इंच. जुन्या १६ मेगापिक्सेलच्या मायक्रो फोर थर्ड्सची लांब बाजू ४,६०८ पिक्सेल. इंचाला २८० च्या आसपास पडतात. हातात धरून बघायच्या प्रिंटला हे पुरेसं आहे. ट्रायपॉडवर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २०० ठेवून काढलेल्या चित्रात सेन्सर छोटा म्हणून फारसं काही अडत नाही. मोठ्या सेन्सरचा फायदा कमी उजेडात हातातून काढताना आणि सावल्या फार उचलताना कळतो, आणि तो खरा आहे.

दगडफूल
+१. शिवाय छोट्या सेन्सरवर खोली (जवळपासून दूरपर्यंतची स्पष्टता) सहज मिळते. १२ मिमी, एफ/५.६, फोकस पावणेदोन मीटरवर ठेवलात की साधारण ९० सेंमीपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. एफ/११-१६ ला जाऊ नका, डिफ्रॅक्शनने (लेन्सच्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) चित्र मऊ पडतं.

नभांगण
मी लाओवा ७.५ मिमी एफ/२ वापरतो. वजन १७० ग्रॅमच्या आसपास, रात्रीच्या ताऱ्यांना तोड नाही. ती घ्याच. फोकस हाताने करावा लागतो, पण निसर्गचित्रणात घाई कसली?

लाटकिनारा
त्यावर पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावलात तर आकाशात एक गडद पट्टा दिसतो. पोलरायझरचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त, आणि इतकी रुंद लेन्स आकाशाचा मोठा तुकडा एकदम घेते.

नभांगण
ताऱ्यांना पोलरायझर कोण लावतं?

लाटकिनारा
धागा ताऱ्यांचा नाही, निसर्गचित्रणाचा आहे. ओल्या पानांवरची आणि पाण्यावरची चमक पोलरायझरशिवाय जात नाही, नंतर संगणकावरही नाही.

रानजाई
विमानाने जाणार असाल तर जादा बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाहीत. टर्मिनल झाकून. थंडीत बॅटरी लवकर उतरल्यासारखी वाटते, तेव्हा आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा.

पायवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. निर्णय झाला. सेकंडहँड ओएम-डी ई-एम१० मार्क २ घेतला, सुमारे ४०० ग्रॅम. सोबत पॅनासोनिक १२-३२ (७० ग्रॅम) आणि ३५-१०० एफ/४-५.६ (१३५ ग्रॅम). बॅटऱ्या धरून सातशेच्या आसपास. सीलिंग नाही, अतिरुंद लेन्स नाही, हे माहीत आहे. रुंद दृश्य हवं तिथे कॅमेरा उभा धरून, एक तृतीयांश भाग एकमेकांवर येईल अशी चित्रं काढून जोडणार. दुर्बीण यांचं रांगा आणि धुक्याचं वर्णन वाचलं तेव्हाच कळलं की मला जे काढायचंय ते हेच. पावसासाठी प्लॅस्टिकची जाड पिशवी नेतो आहे.

मेघमल्हारी
पिशवीवर इतका भरवसा नको. मुसळधार पावसात अडकलात की माझी आठवण काढाल.

दुर्बीण
छान निवड! त्या पिशवीचा आणखी उपयोग सांगतो: थंडीतून उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा तिच्यात घट्ट बंद करा, ओलावा पिशवीवर धरेल, लेन्सवर नाही. आणि १२-३२ चा फिल्टर ३७ मिमीचा, ३५-१०० चा ४६ चा. पोलरायझर ४६ चा एकच घ्या आणि ३७ वरून ४६ ची रिंग आणा.

सह्यकडा
दोन वर्षांत फुलफ्रेमवर याल, लिहून ठेवा.

पायवाट
रिंग मागवली.