परमिट संपतंय, अर्ज टाकलाय. पुण्याला जाऊन यावं का?

ब्रॅम्प्टनहून, सोमवार रात्री

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या हिशेबाच्या मेलांमध्ये हा विषय नको म्हणून वेगळं लिहितेय. यांचं कॅनडाचं वर्क परमिट २८ नोव्हेंबरला संपतंय. एक्स्टेंशनचा अर्ज ऑक्टोबरातच ऑनलाइन भरला, फी गेली, पावती आली. धाकट्या बहिणीचं लग्न १२ डिसेंबरला पुण्यात आहे, कर्वे रोडला हॉल घेतलाय. यांच्या ऑफिसातला एक जण म्हणतो, अर्ज वेळेत टाकला की 'मेंटेन्ड स्टेटस' असतं, बिनधास्त जा. दुसरा म्हणतो, विमानात पाय ठेवला की संपलं. आई रोज विचारते, "तिकिटं काढलीस का?" काय सांगू तिला?

मी आणि चार वर्षांचा मुलगा व्हिजिटर रेकॉर्डवर, म्हणजे पाहुणे म्हणून राहण्याच्या कागदावर आहोत, तारीख तीच. यांच्या फॉर्ममध्ये आमची दोघांची नावं घातली आहेत.

कोथरूडहून, मंगळवार

ताई, योगायोग बघा. तुमची मेल मी पुण्यात बाबांच्या घरी बसून वाचतोय, आणि ज्या चुकीबद्दल तुम्ही विचारताय तीच करून बसलोय.

माझं परमिट ३० ऑगस्टला संपलं. एक्स्टेंशन त्याआधी तीन आठवडे टाकलं होतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाबांची बायपास ठरली, मी निघालो. निघताना कोणी अडवत नाही, यातच माणूस फसतो. टोरोंटोला चेक-इनवाल्या मुलीने 'हॅव अ सेफ फ्लाइट' म्हटलं आणि मला वाटलं, सगळं नीट आहे.

परतीच्या तिकिटाआधी चार दिवस पासपोर्ट उघडला. व्हिसाच्या स्टिकरवर परमिटचीच तारीख. नोकरदाराचा व्हिसा बहुतेकदा परमिटपुरताच देतात, हे मला माहीत होतं, पण तेव्हा आठवलं नाही. मेंटेन्ड स्टेटस म्हणजे तिथे राहून निकालाची वाट बघायची मुभा. ती मुभा दाखवून परतीच्या विमानात बसता येत नाही.

आता नवं परमिट आलं की त्यावर व्हिसाचा अर्ज, मग परत. तोवर बिनपगारी रजा. पुण्यातून काम करतो म्हणालो, तर ऑफिसच्या करवाल्यांनी नाही म्हटलं. रोज सकाळी महात्मा सोसायटीकडून टेकडी चढतो आणि वर पोचलो की फोनवर पोर्टल उघडतो. 'अर्जावर प्रक्रिया सुरू आहे.' बाबा आता माझ्यापेक्षा जास्त चालतात. शेजारच्या काकू दर दोन दिवसांनी विचारतात, "परत कधी?" पहिले काही दिवस तारीख सांगायचो. आता "बघू" म्हणतो.

साहेबांना तिथेच ठेवा, एवढंच सांगतो.

मिसिसागाहून, मंगळवार संध्याकाळी

दोघांनाही नमस्कार. मी वकील नाही, पण मंडळात पंचवीस वर्षं हेच प्रश्न ऐकतोय. सल्लागार घेणार असाल तर परवानाधारकच घ्या, कॉलेजच्या, म्हणजे सल्लागारांना परवाने देणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव तपासून.

ताई, पुण्याच्या तिकिटांचं नंतर बघू. तुमच्या मेलची शेवटची ओळ वाचून मी खुर्चीतून उठलो. नवऱ्याच्या फॉर्ममध्ये बायको-मुलाची नावं लिहिली म्हणजे त्यांचा अर्ज झाला असं नाही! प्रत्येकाचा अर्ज वेगळा, फीही वेगळी. व्हिजिटरला माणशी शंभर डॉलर. चार वर्षांच्या मुलाचाही. २८ तारीख उलटली तर यांचं स्टेटस शाबूत आणि तुमचं दोघांचं गेलेलं. नंतर नव्वद दिवसांत रिस्टोरेशन, म्हणजे गेलेलं स्टेटस परत मागता येतं, पण कशाला? आज-उद्या अर्ज भरा. आणि २८ला रात्री बाराची वाट बघत बसू नका, मुदत जागतिक प्रमाणवेळेने मोजतात. हिवाळ्यात आपल्याकडे ती संध्याकाळी सातलाच संपते.

आता साहेबांचं. निर्णय येईपर्यंत ते इथे राहू शकतात आणि कामही करू शकतात, पण जुन्याच अटींवर. क्लोज्ड परमिट आहे, म्हणजे तीच कंपनी, तेच काम. अर्जानंतर येणाऱ्या पत्रावर एक तारीख असते. ती उलटली म्हणून कामाचा हक्क जात नाही, निर्णय येईपर्यंत तो असतो. एचआरला घाम फुटला तर पत्राबरोबर अर्जाची पावती दाखवा. तुमचा न्यू जर्सीचा आतेभाऊ २४० दिवसच काम करता येतं असं काही सांगेल. ते अमेरिकेचं आहे, आपल्याकडे दिवस मोजत नाहीत. अर्ज नाकारला मात्र, तर त्याच दिवशी काम थांबवायचं.

बाहेर गेले तर? समजा स्टिकर चालू असला आणि विमानतळावर आत घेतलं, तरी व्हिजिटर म्हणून. नवं परमिट मंजूर होईपर्यंत कामावर जाता येणार नाही. परमिट संपल्यावर देशातच राहिलात, ही कामाची अट आहे. पूर्वी लोक नायगऱ्याजवळ सीमेवरच्या रेनबो ब्रिजला जायचे, अमेरिकेच्या हद्दीत वळसा घालून परत येताना हातोहात परमिट घ्यायचे. आम्ही त्याला नायगरा दर्शन म्हणायचो. २३ डिसेंबर २०२४ पासून परमिटांसाठी ते बंद आहे. आणि कोणी 'सुरक्षेसाठी मागून दुसराही अर्ज टाकून ठेवा' म्हटलं तर ऐकू नका. २०२५ पासून नियम असा आहे की जुनं परमिट संपल्यावर टाकलेला दुसरा अर्ज, पहिला नाकारला की त्याच्याबरोबर पडतो.

तुमचं आणि मुलाचं वेगळं. तुमचा व्हिसा कधीपर्यंत आहे? व्हिजिटर रेकॉर्ड म्हणजे व्हिसा नव्हे. रेकॉर्ड इथे राहण्यापुरतं, परत यायला स्टिकरच लागतं.

साहेबांच्या पासपोर्टचीही तारीख बघा. त्यापुढचं परमिट देत नाहीत.

ब्रॅम्प्टनहून, बुधवार रात्री

काका, कसे आभार मानू? काल तुमची मेल वाचून हे जेवण टाकून उठले. दोन्ही अर्ज आज संध्याकाळी पावणेसातला गेले. मुलाच्या पासपोर्टचा स्कॅन सहा एमबीचा, पोर्टल चारच्या वर घेईना. शेवटी फोनने फोटो काढला, तर कोपऱ्यात त्याचं बोट. पुन्हा काढला. पावत्या आल्यात, दोन्ही छापून फाइलला लावल्या.

माझ्या आणि मुलाच्या पासपोर्टवरचा व्हिसा २०२९ पर्यंत आहे. तेव्हा आम्ही दोघं ४ डिसेंबरला निघतोय, हे इथेच राहणार. मुहूर्त ११ वाजून ४० मिनिटांचा, म्हणजे यांच्या घड्याळात रात्रीचा १ वाजून १० मिनिटं. व्हिडिओ कॉलवर अक्षता टाकतील. आईला सांगितलं. जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "जावयाचं ताट तुझ्याजवळच मांडते."

कोथरूडचे दादा, लग्नाला या, तुमच्यापासून रिक्षाने दहा मिनिटं. आणि एक विचारायचं होतं. तुमचं परमिट छापून येणार ते टोरोंटोच्या पत्त्यावर ना? ४ तारखेच्या आत आलं तर मी येताना हातात घेऊन येईन.

कोथरूडहून, गुरुवार पहाटे

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पत्ता टोरोंटोचाच आहे. मेलबॉक्सची एक किल्ली इथे माझ्या पाकिटात आहे, दुसरी फ्लॅटमध्ये, फ्रिजच्या वरच्या डब्यात. साहेब शनिवारी जाऊ शकतील का? बिल्डिंगची देखभाल बघणाऱ्या सुपरला आजच फोन करून ठेवतो, तो फ्लॅटचं दार उघडून देईल.