रीफ टँक: पैसे आधी स्किमरला की चिलरला?

खारं पाणी, डोंबिवली
रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची काचपेटी, लावायला निघालं की दुकानदार दोन याद्या सांगतो. दिवे, वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप), लाइव्ह रॉक (उपयोगी जिवाणूंची वस्ती असलेले समुद्री दगड), स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) हे ‘लागणारच’. चिलर (पाणी गार करणारं यंत्र), एटीओ (उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी आपोआप भरणारं यंत्र), यूव्ही (अतिनील दिव्याची नळी), डोसिंग पंप (कॅल्शियमसारखी द्रव्यं मोजून सोडणारा) हे ‘जमलं तर घ्या’. माझं मत असं की मुंबई-ठाण्याकडे स्किमर आणि चिलर यांच्या जागा बदलायला हव्यात. ही वाटणी थंड हवेच्या देशातून आलेली आहे, तिथे पाणी तापवायची काळजी असते.

माझा टँक दोन फुटी, साधारण १२० लिटरचा. दोन क्लाउनफिश, एक गोबी मासा आणि सॉफ्ट (दगडी सांगाडा नसलेलं) कोरल, म्हणजे मश्रूम आणि झोआ. दीड वर्ष स्किमर नाही. दर रविवारी १२ लिटर पाणी बदलतो, खाणं चिमटीने मोजून टाकतो, नायट्रेट, म्हणजे घाण कुजून होणारं द्रव्य, लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आसपास राहतं. पण गेल्या मे महिन्यात सलग चार दिवस पाणी ३१.५ अंशांवर होतं. झोआ मिटून गेले आणि एक मश्रूम आक्रसून रुपयाएवढा झाला, कडेने पांढरट. कोरलच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ राहतं आणि त्याचं बरंचसं पोट त्याच शेवाळावर भरतं. पाणी तापलं की कोरल ते बाहेर टाकतं. नायट्रेट चढायला आठवडे लागतात, पाणी तापायला एक दुपार पुरते.

निवळी, पुणे
पटलं नाही. तुमचं चालतंय कारण मासे तीन आहेत. माझ्या ३०० लिटरमध्ये सात मासे, त्यात एक टँग, तो दिवसभर खात असतो. दर तिसऱ्या दिवशी मी स्किमरचा कप काढते तेव्हा त्यात उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखं पाणी असतं, आणि वास असा की खिडकी उघडावी लागते. स्किमर नसता तर हे सगळं टँकमध्येच कुजून त्याचं नायट्रेट झालं असतं. शिवाय त्याच्या बारीक बुडबुड्यांमुळे पाण्यात ऑक्सिजन मिसळतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणजे तुमच्या मे महिन्यातसुद्धा तो कामाचाच.

थंडाव्यासाठी मी संपवर (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीवर) कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे लावलेत. एप्रिलमध्ये पाणी २९.५ वरून २६.५ वर येतं. चिलरचं बिल कशाला भरायचं?

खारं पाणी, डोंबिवली
ताई, पुण्याचा उन्हाळा कोरडा, म्हणून पंखा चालतो. पाणी उडेल तेवढंच गार होणार. आमच्याकडे जूनच्या तोंडाला हवाच इतकी ओली असते की पंखा दिवसभर फिरूनही जेमतेम एक अंश उतरतो. आणि जिथे पंखा चालतो तिथे पाणी उडतं, मीठ मागे राहतं. रोज तीन लिटर उडालं आणि तुम्ही तीन दिवस गावी गेलात, तर १२० चे १११ लिटर होतात आणि हजारी ३५ ची क्षारता ३८ ला टेकते. म्हणजे पंखा घ्यायचा तर एटीओ त्याच्यासोबतच घ्यायला हवा. ऑक्सिजनचं मात्र मान्य, तो विचार मी केला नव्हता.

भरती-ओहोटी, रत्नागिरी
तुम्ही दोघंही वीज धरूनच चालला आहात. आमच्याकडे पहिल्या वळवाला रात्री अकराला लाइट गेली ती पहाटे चारला आली. टॉर्च मारला तर मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंडं उघडमीट करत होते. तेव्हा चिलर आणि स्किमर दोन्ही निर्जीव डबे. बॅटरीवरचा एअरपंप लावला म्हणून सगळे वाचले. या दोन्हींच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही, तरी तो कुठल्याच यादीत नसतो.

यूव्हीबद्दलही लिहितो, कारण व्हाइट स्पॉट (माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी रोग) दिसला की लोक तेच घ्यायला धावतात. यूव्ही फक्त त्याच्या नळीतून जाणाऱ्या पाण्यातले जंतू मारतो. माशाच्या अंगात रुतून बसलेले त्याला सापडत नाहीत. त्यापेक्षा नवा मासा चार-सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा.

निवळी, पुणे
एअरपंप आजच मागवते. एटीओचंही कबूल, मी घरीच असते म्हणून हाताने भागतं. डोसिंग पंपाचं म्हणाल तर सॉफ्ट कोरलला नकोच. त्यांना दगडी सांगाडा बांधायचा नसतो, पाणी बदलताना मिळतं तेवढं कॅल्शियम पुरतं. दगडी कोरल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा कुणी कितीही गळ घातली तरी घेऊ नका.

स्किमरवर मात्र मी ठाम आहे. मासे पाचाच्या वर गेले की तो आधी, बाकी सगळं मग.

खारं पाणी, डोंबिवली
मासे वाढवायचेच नाहीत, हे माझं त्यावर उत्तर. ताई, या मे महिन्यात रोज दुपारी तीनला दोघांनीही पाण्याचं तापमान आणि हवेतली आर्द्रता लिहून ठेवूया. तुमचा पंखा, माझा चिलर. महिनाअखेरीस आकडे इथेच टाकतो.