पोर्चवरची कौलं गळताहेत, उतार फार कमी आहे. कौलं ठेवून काय करता येईल?

नमस्कार. आमचं घर सहकारनगरला. १९६१ च्या पानशेतच्या पुरात आजोबांचं नदीकाठचं बिऱ्हाड गेलं, त्यानंतर पूरग्रस्तांच्या सोसायटीत मिळालेल्या जागेवर हे घर उभं राहिलं. घराला स्लॅब आहे, पण पुढचा पोर्च बाबांनी १९८७ साली हौसेनं बांधून घेतला आणि त्यावर मंगलोरी कौलं घातली. खाली झोपाळा. बाबा आता नाहीत. आई ७९ वर्षांची आहे, तिचा सकाळचा चहा, पेपर, संध्याकाळी येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा, सगळं त्या झोपाळ्यावर. गेले चार पावसाळे झोपाळा कड्यांवरून उतरवून आत उभा करून ठेवावा लागतोय, आणि आई खिडकीशी बसून राहते. म्हणून हा धागा.

मोजमापं देते. पोर्च १२ फूट रुंद, भिंतीपासून पुढे ८ फूट, तोंड पश्चिमेला. भिंतीकडची उंची आणि वळचणीची उंची यांत फरक फक्त २० इंचांचा. ९६ इंचांत २० इंच, म्हणजे साधारण १२ अंश. वर पहिल्या मजल्याची खिडकी आहे, तिची चौकट छपराच्या वरच्या कडेपासून जेमतेम १० इंचांवर, त्यामुळे छप्पर मागून उचलता येत नाही. पुढून खाली घ्यावं तर वळचण आत्ताच सव्वासात फुटांवर आहे. वासे सागवानी आणि ठणठणीत आहेत, टोचा मारून पाहिलाय. कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या रिपांपैकी तीन कुजल्या आहेत: वळचणीकडून दुसरी, तिसरी आणि भिंतीलगतची.

आत्तापर्यंत काय काय केलं ते सांगते. २०२२ मध्ये पहिल्यांदा थेंब आले, तेव्हा फुटकी सात कौलं बदलली. थोडं कमी झालं. २०२३ मध्ये एका वॉटरप्रूफिंगवाल्यांनी कौलांच्या सगळ्या फटी सिमेंटनं बुजवल्या आणि वरून लाल कोटिंग मारलं. पुढच्याच पावसाळ्यात गळती दुप्पट. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण घर आणखी बिघडवून घेतलं याचं जास्त वाटतं. २०२५ मध्ये मेअखेरीस काम काढायचं ठरवलं होतं, तर पाऊस २६ मेलाच पुण्यात हजर झाला आणि सगळा हंगाम ताडपत्रीवर काढला.

गेल्या रविवारी मी आणि मुलानं पाइपनं पाणी मारून पाहिलं. आधी फक्त वळचणीच्या ओळीवर दहा मिनिटं, मग एकेक ओळ वर सरकत. मुलगा खाली टॉर्च घेऊन. वरून उताराच्या दिशेनं पाणी सोडलं तर आत जवळजवळ काही नाही. तेच पाणी खालून वर, उताराच्या उलट फवारलं की दोन मिनिटांत दुसऱ्या-तिसऱ्या ओळीच्या सांध्यातून आत. आणि ते जिथं आत येतं तिथं पडत नाही. वाशाच्या कडेनं दीड-दोन फूट घरंगळतं आणि झोपाळ्याच्या कडीपाशी टपकतं. इतकी वर्षं आम्ही कडीच्या डोक्यावरचं कौल बदलत होतो. भिंतीच्या सांध्यावर पाणी मारलं तर वेगळीच गळती: तिथला सिमेंटचा वाटा, म्हणजे सांध्यावर घातलेली तिरकी पट्टी, भिंतीपासून सुटलाय, नख जाईल इतकी फट आहे.

आईचं माहेर राजापूरचं. ती म्हणते, "आमच्याकडे पुण्याच्या चौपट पाऊस, घराला नुसती कौलं, आणि एक थेंब आत यायचा नाही. मग इथंच का?" मला तिला उत्तर देता येत नाही. जे कारागीर येऊन गेले ते सगळे म्हणाले, कौलं काढा, पॉलिकार्बोनेट टाका नाहीतर स्लॅब घाला. आईला कौलं हवीत. खरं सांगायचं तर मलाही हवीत. इतक्या कमी उतारावर कौलं ठेवून गळती कायमची थांबवता येते का? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. होळी झाली की काम सुरू करायचंय.

प्रतिसाद १

ताई, पाइपची परीक्षा तुम्ही अगदी बरोबर केलीत, त्यात तुमचं उत्तर आलेलं आहे. तीस वर्षं बांधकामात काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

आईंना सांगा, राजापूरची कौलं चांगली होती म्हणून गळत नव्हती असं नाही. तिथलं पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, उभं होतं. रत्नागिरी जिल्ह्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि पुण्यात ७००-७५०, पण कौलाला किती पडलं यापेक्षा पडलेलं किती वेगानं निघून गेलं हे महत्त्वाचं. मंगलोरी कौलाला निदान २५ अंश तरी उतार हवा. तुमच्या ८ फुटांत तेवढा मिळवायचा तर फरक २० इंचांऐवजी ४५ इंच लागला असता. आणखी एक गोष्ट कारागीरही विसरतात: प्रत्येक कौल खालच्या कौलावर टेकलेलं असतं, त्यामुळे त्याचा स्वतःचा उतार छपराच्या उतारापेक्षा तीन-चार अंशांनी कमीच असतो. तुमचं छप्पर १२ अंशांचं, पण कौलं ८-९ अंशांवर निजलेली आहेत. पश्चिमेचा वारा समोरून आला की पाणी चढावर ढकललं जातं आणि कौलाच्या वरच्या काठावरून आत उतरतं. एकही कौल फुटलेलं नसलं तरी.

सिमेंटनं गळती का वाढली? कौलाच्या आडव्या सांध्यातून थोडं पाणी आत जाणारच. तिथं ओठाला खाच असते, ती ते पाणी खालच्या कौलाच्या पाठीवर आणून सोडते. तुमच्या माणसांनी नेमकी ती वाट बुजवली. आत गेलेलं पाणी बाहेर येईना, ते रिपेवर साचलं आणि रिपा कुजल्या.

तेव्हा या उतारावर कौलांकडून पाणी अडवण्याची अपेक्षाच सोडा. ते काम खालच्या पत्र्याला द्या, कौलं ऊन, दणका आणि शोभा सांभाळतील. क्रम असा ठेवा. कौलं उतरवण्याआधी जुन्या रिपांमधलं अंतर मोजून वाशावर खुणा करून ठेवा. रिपा काढा. वाशांवर रंगीत पन्हळी पत्रा बसवा, भिंतीपासून वळचणीपर्यंत एकाच लांबीचा, मधे आडवा जोड नकोच. ८ फुटांना तो सहज मिळतो. त्याची खालची कड वळचणीच्या पुढे दोन इंच, थेट पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीत. मग नव्या रिपा पत्र्याच्या उंचवट्यांवर आडव्या ठेवून रबरी वॉशरच्या स्क्रूनं वाशात पक्क्या करायच्या. स्क्रू उंचवट्यातूनच जायला हवा, खोलगट भागातून कधीच नाही. रिप उंचवट्यावर राहते, पाणी तिच्या खालून खोलगट भागातून वाहून जातं, म्हणून ती भिजत राहत नाही. वर कौलं पूर्वीसारखी, कोरडी, सिमेंट न लावता.

भिंतीचा सांधा वेगळा समजा. वाटा कितीही चांगला घाला, लाकडी छप्पर हलतं आणि भिंत हलत नाही, तो सुटणारच. गिलाव्यात नव्हे, थेट विटेत इंचभर खोल खाच पाडून जस्ती पत्र्याची पट्टी त्यात अडकवा. ती भिंतीवरून खाली येऊन सहा इंच कौलांवर पडली पाहिजे. खाच वरून भरून घ्या. पट्टी कौलांना चिकटवू नका.

प्रतिसाद २

कौलांच्या आकाराचा रंगीत पत्रा मिळतो, तो टाकून मोकळ्या व्हा. वजन कमी, दरवर्षी बघायला नको. आमच्या धायरीच्या घरी सहा वर्षं झाली, थेंब नाही.

धागाकर्ती

तुमचं म्हणणं पटतं, पण पाऊस पत्र्यावर वाजला की आईला समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिला आधीच कमी ऐकू येतं. पत्रा कौलांखाली गेला तर आवाज दबेल ना? आणि आतून वर पाहिलं की पत्रा दिसेल, त्याचं काय करावं?

प्रतिसाद १

दबतो, पुष्कळ दबतो, कारण थेंब पत्र्यावर पडतच नाही. आतून दिसू नये म्हणून वाशांवर आधी पातळ फळ्यांची तक्तपोशी करा आणि तिच्यावर पत्रा. खर्च वाढेल, पण स्क्रू लांब घेतले की बाकी काही बदलत नाही. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये फळ्या पाहा आणि वाळवीचं औषध दोन्ही बाजूंनी लावूनच वर चढवा.

प्रतिसाद ३

कौलांबद्दल माझं एक. तुमच्या पोर्चला साधारण १४० कौलं असतील. सिमेंट आणि कोटिंग लागलेली सोडवताना पंधरा-वीस तरी फुटतील. बदली आणताना फुटक्या कौलाचा तुकडा नाही, अख्खं कौल बरोबर न्या. मंगळूरला बासल मिशननं १८६५ मध्ये कारखाना काढला, त्यानंतर कितीतरी कारखाने निघाले आणि प्रत्येकाचा साचा जरा वेगळा. कारखान्याचा शिक्का कौलावर उमटवलेला असतो. शिक्का वेगळा असेल तर दोन कौलं एकमेकांत बसवून पाहिल्याशिवाय घेऊ नका, नाहीतर कडेला बोटभर फट राहते. जुने वाडे उतरवणाऱ्यांकडे विचारा, तिथं जुन्या शिक्क्यांची सापडतात. आम्हाला तशीच मिळाली.

आणि वळचणीच्या पहिल्या ओळीखालची रिप बाकीच्यांपेक्षा कौलाच्या जाडीइतकी उंच हवी. नाहीतर पहिली ओळ नाक खाली करते आणि दुसऱ्या ओळीशी तिचा मेळ बसत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज एक कौल उलटं करून पाहिलं, शिक्का स्पष्ट आहे. आईला ८-९ अंशांचं गणित कागदावर काढून दाखवलं. तिनं बराच वेळ तो कागद पाहिला आणि म्हणाली, "म्हणजे कौलांचा दोष नव्हता." मग तिनंच सांगितलं की बाबांना उतार जास्त हवा होता, पण वरच्या खिडकीतून तिला रस्ता दिसावा म्हणून त्यांनी छप्पर खाली घेतलं. हे मला आजवर माहीत नव्हतं.

तक्तपोशी, पत्रा, रिपा, कौलं असंच करायचं ठरलंय. एकच शंका उरली आहे. १२ फुटांच्या पन्हळीला एका टोकाला दीड इंच उतार पुरेल का? पाणी दक्षिणेच्या कोपऱ्यात उतरवायचंय, तिथं आईची जाई आहे.

प्रतिसाद १

पुरेल. पण शेजारी झाड असेल तर पन्हळीच्या तोंडाला जाळी लावा, आणि वळीव येण्याआधी एकदा हात घालून पानं काढा.